भाडे पूर्ण, वापर अर्धा

आपला व्यापारी गाळा भाड्याने घेतो तेव्हा पोटमाळ्यापर्यंतची एकेक वीत जागा कारणी लावतो. तोच व्यापारी संगणकावरील ऑफिस सॉफ्टवेअरचे भाडे मात्र वर्षानुवर्षे भरतो आणि त्यातला एकच कोपरा वापरतो. कोटेशन वर्डमध्ये, उधारीची यादी एक्सेलमध्ये, बस्स!

पूर्वी सीडी एकदा आणली (पुष्कळदा ती मागून आणलेलीच असे) की काम भागत होते. २०११ साली मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस ३६५’ सुरू केले. तेच आज ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ या नावाने माणशी वर्गणीवर मिळते. ही वर्गणी केवळ वर्ड-एक्सेलची नसते. दुकानाच्या स्वतःच्या नावाचा ई-मेल आणि माणशी एक टीबी साठवण त्यात असते. खरी किंमत याच गोष्टींची आहे आणि नेमक्या याच धूळ खात पडलेल्या दिसतात.

समजा, भिवंडीत कापडाच्या दलालीची पाच माणसांची पेढी आहे. वर्गणी भरलेली आहे, पण ग्राहकांशी पत्रव्यवहार मुनीमजींच्या खाजगी जीमेलवरून चालतो, दरपत्रके व्हॉट्सॲपवर फिरतात आणि उधारीची फाईल एकाच संगणकाच्या डेस्कटॉपवर असते. उद्या मुनीमजींनी नोकरी सोडली तर ग्राहकांचे पत्ते, जुने दर, कोणाला किती सवलत दिली, सारे त्यांच्यासोबत जाईल. यात मुनीमजींचा दोष नाही. पेढीचे दप्तर पेढीच्या ताब्यात ठेवणे हे मालकाचे काम आहे.

तोच पत्रव्यवहार पेढीच्या ई-मेलवर असेल तर माणूस गेल्यावर त्याची पेटी ‘शेअर्ड मेलबॉक्स’ करून ठेवता येते. पन्नास जीबीपर्यंत अशा पेटीला वेगळी वर्गणी लागत नाही आणि सुटलेला परवाना नव्या माणसाला देता येतो. मात्र हे काम लगेच उरकावे, कारण परवाना नुसता काढून टाकला तर तीस दिवसांनंतर त्या पेटीतील मजकूर कायमचा पुसला जातो. चौकशी, ऑर्डर अशा नावांच्या पत्त्यांसाठी पूर्ण परवाने घेणारेही कमी नाहीत. तो शुद्ध अपव्यय आहे; त्यांनाही शेअर्ड मेलबॉक्स पुरतो.

उधारीची फाईल वनड्राइव्हवर ठेवल्यास तिच्या जुन्या प्रती परत काढता येतात. एखाद्याने चुकून रकाना पुसला तर कालची प्रत उघडावी. संगणक बंद पडला तरी हिशेब जागेवर राहतो.

आता पैशाचे बोलू. सर्वांना सारखाच महाग परवाना घेण्याची गरज नसते. ‘बिझनेस बेसिक’मध्ये वर्ड, एक्सेल ब्राउझरवर आणि मोबाईलवर चालतात, संगणकावर ती बसवायची असतील तर ‘बिझनेस स्टँडर्ड’ लागते. दिवसभर हिशेबात असणाऱ्याला स्टँडर्ड द्यावे. गोदामावरच्या माणसाला बेसिक पुष्कळ झाले. एकाच पेढीत दोन्ही चालतात. स्टँडर्डच्या एका परवान्यावर तोच माणूस पाच संगणकांवर ही सॉफ्टवेअर बसवू शकतो. दुकानातल्या संगणकाला एक आणि घरच्या लॅपटॉपला दुसरा परवाना घेणे म्हणजे दुप्पट भाडे. पण या सवलतीचा अर्थ एका परवान्यावर पाच नोकर बसवावेत असा कोणी काढू नये.

या वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते, पण बिलावर आपला जीएसटी क्रमांक असला पाहिजे. मालकाच्या खाजगी कार्डावर, क्रमांक न देता घेतलेल्या वर्गणीचे क्रेडिट बुडते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळतच नाही, त्यांनी पूर्ण रक्कम खर्च म्हणूनच धरावी.

ज्याला महिन्याला चार पत्रे आणि एक यादी एवढेच काम आहे, त्याने वर्गणी घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्या कामाला पुरून उरते.

ज्यांची वर्गणी वर्षाच्या कराराने चालू आहे, त्यांना परवान्यांची संख्या सहसा मध्येच कमी करता येत नाही. नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. तिच्या महिनाभर आधी नोकरांची यादी आणि परवान्यांची यादी शेजारी ठेवून पाहा; सोडून गेलेल्या एखाद्या माणसाचे भाडे अजून चालू असलेले आढळेल.