साक्ष हाडांची आहे

मांडवी जेथे समुद्राला मिळते तेथे होडीत बसून डॉल्फिन पाहण्यास रोज कितीतरी पर्यटक जातात. दिसायला मासाच, परंतु हवा घेण्यासाठी तो पुनःपुन्हा वर येतो आणि आपल्या पिलाला दूध पाजतो. माशाचे शेपूट उभे असते व डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनचे शेपूट आडवे असते व त्याचा कणा धावत्या चतुष्पादासारखा वर-खाली वाकतो. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या या जीवाला हवेवाचून का राहवत नाही, असे एखाद्या दहावीच्या मुलाने विचारले तर शिक्षकाने काय सांगावे?

उत्तर आहे, पण ते पुस्तकात राहिलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली अभ्यासक्रमाचे ओझे कमी करताना दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती वगळली. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी एप्रिल २०२३ मध्ये पत्रक काढून या निर्णयाचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असा खुलासा करण्यात आला. तो खरा आहे, पण पुरेसा नाही. जी मुले दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे, नाहीतर थेट कामधंद्याकडे वळतात, त्यांनी तो कधी वाचावा?

डॉल्फिन व देवमासा यांच्या कुळाची कथा तर आपल्याच उपखंडातील दगडांत लिहिलेली आहे. जम्मूतील कालाकोट येथे सापडलेल्या ‘इंडोह्यूस’ या लहानशा खुरवाल्या प्राण्याचे पहिले वर्णन ए. रंगा राव यांनी १९७१ साली केले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशांसारखेच जाड आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा देवमाशाचा पूर्वज नव्हे. निकटचा भाऊबंद होय. पाकिस्तानात सापडलेल्या ‘पाकिसेटस’ला, ज्याचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले, चार पाय होते. अशोक साहनी व विजयप्रकाश मिश्र यांनी कच्छमधील प्राचीन देवमाशांचे अवशेष १९७० च्या दशकात जगापुढे मांडले. इजिप्तच्या वाळवंटातील ‘बॅसिलोसॉरस’ पूर्णपणे जलचर झालेला दिसतो; मागचे पाय आहेत, पण इतके इवलेसे की त्यांवर उभे राहणे अशक्य.

ही झाली दगडांची साक्ष. दुसरी साक्ष गर्भाची. डॉल्फिनच्या गर्भात आजही मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि काही काळाने विरून जातात. तिसरी साक्ष पेशींतील डीएनएची. तिच्यावरून देवमाशांचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा ठरतो. एकमेकांना कधी न भेटलेले तीन साक्षीदार एकच हकीकत सांगत असतील, तर कोणता न्यायाधीश ती नाकारील?

२०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, सबब डार्विनचे मत चूक. आजच्या माकडापासून माणूस झाला असे शास्त्र म्हणतच नाही; दोघांचे पूर्वज एक होते, असे ते म्हणते. परंतु आम्हांस त्याहून नवल वाटते ते या युक्तिवादाचे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वीच शिकविले. प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाण मानायचे नाही, हा हट्ट चार्वाकांचा! परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्यांनी नेमके त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसावे, ही मौजच म्हणायची. आणि प्रत्यक्षच हवे असेल तर तेही आहे. डीडीटीला दाद न देणारे डास व औषधांना न जुमानणारे क्षयाचे जंतू हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले बदल होत.

दुसऱ्या बाजूचे काही जण म्हणतात, यात नवे ते काय? मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात आमच्या पूर्वजांनी हे आधीच सांगून ठेविले आहे. पेडण्यात नि सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार पाहत पहाट करणाऱ्यांना त्या अवतारांचे प्रेम आम्ही शिकवावयास नको. पण ते प्रेम वेगळे आणि पुरावा वेगळा. अवतार धर्माच्या रक्षणासाठी होतात, हाडांच्या रचनेचा उलगडा करण्यासाठी नव्हे. श्रद्धेला जीवाश्मांचा टेकू देणे हा श्रद्धेचाही अपमान आहे.

एके काळी या भूमीत छापील मजकुरावर सेन्सॉरचा शिक्का लागे. दहावीच्या पुस्तकातील काटछाट त्या जातीची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जे वाचकापर्यंत पोहोचत नाही, त्याचे नुकसान वाचकालाच सोसावे लागते, एवढे आम्ही त्या काळात शिकलो. पुढे जे पाठ्यपुस्तक येईल त्यात उत्क्रांती, आणि मुख्य म्हणजे तिचा पुरावा, दहावीलाच शिकविला जावा. मुलांना तो पाहू द्यावा, त्यावर शंका काढू द्याव्यात, वादही घालू द्यावेत. पुराव्याला प्रश्नांचे भय नसते. भय असते ते प्रश्न विचारण्याची सवय मोडण्याचे.