बार्बारो, जबरदस्त आणि लय भारी

सध्या शनिवार-रविवार स्पॅनिश शिकतोय. क्रियापदांची रूपं घोकून येतात हो, पण खरी गोची आहे ती कौतुकाच्या विशेषणांची.

'बार्बारो'च घ्या. मूळ ग्रीक शब्द, अर्थ परका, रानटी. आपल्या 'बर्बर'चा भाऊबंदच म्हणा ना. पण अर्जेंटिनात मॅच 'बार्बारो' असते आणि पार्टी 'बार्बारा', म्हणजे एकदम झकास! लिंग बदललं की शेवट बदलायचा, इतपत व्याकरण सोपं. पण 'के बार्बारो!' म्हणजे 'काय झकास!' सुद्धा आणि 'काय हा भयंकर प्रकार!' सुद्धा. नक्की कुठलं, ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं.

आपल्याला यात नवल वाटायला नको. 'जबरदस्त' फारसीतून आला. जबर म्हणजे वरचा, दस्त म्हणजे हात. 'जबरदस्ती' त्याचीच सख्खी बहीण. 'भारी' आधी वजनदार, मग महाग, मग उत्तम.

आमच्या परभणीत तर कौतुकाला अख्खं वाक्यच आहे: 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. परभणीकर हे छाती फुगवून म्हणतो, आणि खड्ड्यात गाडी आदळली की कपाळाला हात लावूनही हेच म्हणतो. बाहेरच्यानं ते नुसतं खरं मानलं तर तो फसला, नुसता हसला तरी फसला!

माझं मत विचाराल तर कौतुकाचा शब्द कुठे वापरायचा नाही, हे कळलं की तो आला. आपल्या ऑफिसात नेमकं हेच विसरलोय. दोन ओळींचा बग असो की दोन महिन्यांचं काम, मेलमध्ये 'ऑसम' ठरलेलं. मग दोन महिने राबलेल्याला ते कौतुक वाटेल कसं?

परभणीच्या कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीच्या एका वाणाला नाव दिलं 'परभणी मोती'. पांढराशुभ्र, टपोरा दाणा बघितला की नाव पटतं. कौतुक असं वस्तू नीट बघून केलेलं असावं.

आणि ते आपल्या शब्दांत असावं. मराठवाड्यातली पोरं पुण्यात आली की आधी 'लय' गिळतात, कारण कुणीतरी हसतं. २०१४ मध्ये रितेश देशमुखच्या सिनेमाचं नावच 'लय भारी' होतं. पोस्टरवर चालतं ते मीटिंगमध्ये का चालू नये?

असो. सोमवारी कुणाचं काम खरंच आवडलं, तर नेमकं काय आवडलं ते सांगा आणि वर 'लय भारी' म्हणा. नसेल आवडलं तर 'ठीक आहे' म्हणा. त्याशिवाय 'लय भारी'ला वजन यायचं नाही.