ती बोटं कुणाची?

‘अंदाज’मध्ये (१९४९) दिलीपकुमार पियानोवर बसला, ‘संगम’मध्ये (१९६४) राज कपूर. चेहरे आपल्याला पाठ आहेत. पण तो पियानो खरोखर वाजवला कोणी? रॉबर्ट कोरिया, लुसिला पाचेको ही पियानोवादकांची नावे मुंबईच्या स्टुडिओंत परिचित होती. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र गायक, गीतकार, संगीतकार एवढीच मंडळी. वादकाने समोरच्या नोटेशनवरून वाजवायचे, त्या रेकॉर्डिंगचे पैसे घ्यायचे आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा. गाणे पन्नास वर्षे वाजो, त्याचा हिशेब तिथेच मिटला. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस घराघरांत पोचले, तेही ‘अमर अकबर अँथनी’च्या (१९७७) नायकाचे नाव म्हणून! २०१२च्या कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, तेव्हाही वादकांविषयी फारसे कोणी बोलले नाही.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या फुले नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला, की निवेदक की-बोर्डवाल्याची ओळख आवर्जून करून देतो. टाळ्याही पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. पण तो वाजवतो तो तुकडा मुळात ज्याने वाजवला, त्याचे नाव ठाऊक असेल तर तेही घ्यावे. निवेदकांच्या शेरोशायरीतला एखादा शेर कमी झाला तर रसिक तक्रार करणार नाहीत.