व्हिसा नव्हता, तरी पोलंडने आत घेतलं. आपण घेतलं असतं?

बुलढाण्यात कॉलेजच्या रस्त्याने चाललात, की ‘परदेशात एमबीबीएस’ असा एखादा तरी बोर्ड दिसतोच. जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान. चार वर्षांपूर्वीपर्यंत अशा यादीत युक्रेन अगदी वर असायचं. आता ते नाव पुसलं गेलंय, यादी मात्र चालू आहे. तुमच्यापैकी काही जण त्यातल्या एखाद्या देशाची फी किती, याची चौकशी करून आलेही असतील.

आमच्या देऊळघाटात व्हिसा म्हटलं की हजला जाणारे आठवतात, नाहीतर आखातात कामाला जाणारे. व्हिसा म्हणजे फोटो काढा, कागद जोडा, फी भरा, एजंटकडे चकरा मारा आणि मग वाट बघत बसा. म्हणून फेब्रुवारी २०२२ मधली एक बातमी माझ्या डोक्यात पक्की बसलीय. मी तेव्हा बारावीला होते. २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिसऱ्या दिवशी पोलंडचे भारतातले राजदूत अॅडम बुराकोव्स्की यांनी जाहीर केलं, की युद्धातून निसटून येणाऱ्या सगळ्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंड व्हिसाशिवाय आत घेतोय. ना फोटो, ना फी. या, एवढंच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘ऑपरेशन गंगा’त ९० विमानं गेली आणि सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. त्यात बहुतेक विद्यार्थी होते. पण संसदेत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी दिलेल्या निवेदनातली एक ओळ फारशी कोणी वाचली नाही. त्या विमानांमधून १८ देशांचे १४७ परदेशी नागरिकही आणले गेले, आणि भारतीयांच्या कुटुंबातले बरेच युक्रेनी नागरिकसुद्धा. म्हणजे कोणाची बायको, कोणाचं लेकरू. अहो, मुलांसोबतच्या कुत्र्या-मांजरांसाठीसुद्धा सरकारने आयातीचे नियम तेवढ्यापुरते सैल केले होते. मनात आलं तर आपली यंत्रणा किती पटकन हलते, ते तेव्हा दिसलं.

पण ‘मनात आलं तर’ याच शब्दांवर माझा आक्षेप आहे.

युक्रेन सोडून निघालेल्या लोकांसाठी जगाने काय काय केलं, ते आधी बघू. ब्रिटनने दोन योजना काढल्या. एक, ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांच्यासाठी. दुसरी, अनोळखी युक्रेनी कुटुंबाला घरात ठेवून घेणाऱ्यांसाठी. अशा घरमालकाला सरकार महिन्याला ३५० पौंड द्यायचं. कॅनडाने फी माफ करून तीन वर्षांपर्यंत राहायला, शिकायला आणि काम करायला परवानगी दिली. अमेरिकेने सांगितलं, इथला कोणीतरी तुमची आर्थिक हमी घेऊ दे आणि दोन वर्षं राहा. ऐकायला सगळंच मोठ्या मनाचं वाटतं. आज काय उरलंय? ब्रिटनची नातेवाइकांची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. कॅनडाने बाहेरून येणारे अर्ज जुलै २०२३ मध्येच थांबवले. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि ती योजना तिथेच गोठली.

युरोपियन युनियनचं वेगळं झालं. बाल्कनमधल्या युद्धांनंतर त्यांनी २००१ मध्येच तात्पुरत्या संरक्षणाचा एक कायदेशीर निर्देश करून ठेवला होता. एकवीस वर्षं तो कपाटात पडून होता, एकदाही वापरला नाही. युद्ध सुरू झाल्यावर आठव्या दिवशी, ४ मार्च २०२२ ला, तो बाहेर काढला आणि राहायला जागा, कामाची परवानगी, मुलांना शाळा, दवाखाना हे सगळं लागू झालं. चाळीस लाखांहून जास्त माणसं त्याच्या आधाराने राहताहेत. मुदत वाढत वाढत आता ४ मार्च २०२७ पर्यंत गेलीय. घर आधी बांधून ठेवलं होतं, पाऊस आल्यावर नुसतं कुलूप काढावं लागलं.

युरोप फार सज्जन आहे असं मी म्हणत नाहीये. याच पोलंडने त्याच्या काही महिनेच आधी, २०२१ मध्ये, बेलारूसच्या सीमेवर थंडीत कुडकुडणाऱ्या इराकी, सीरियन आणि अफगाण लोकांना मागे रेटलं होतं. युक्रेनमधून बाहेर पडताना तिथल्या पहारेकऱ्यांनी आम्हाला मागे ढकललं, मारलं, अशा तक्रारी आपल्या मुलांनी केल्या, त्याही विसरू नका. आणि त्या युरोपियन कायद्यातली बारीक अक्षरं वाचा. युक्रेनी मुलीशी लग्न करून तिथे तिच्यासोबत राहणारा भारतीय ‘कुटुंबीय’ म्हणून संरक्षणात बसला. त्याच शहरात शिकणाऱ्या त्याच्या भारतीय वर्गमित्राला मात्र तो हक्क मिळाला नाही. तू आपल्या देशात सुखरूप परत जाऊ शकतोस ना, मग जा. बॉम्ब दोघांच्याही डोक्यावर पडत होते. पण नियम काय आहे ते लिहिलेलं होतं, वाचता येत होतं आणि नाकारलं तर कोर्टात भांडताही येत होतं.

आता आपल्याकडे या. अशा लोकांना आसरा देणं आपल्याला नवीन नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेले हे लोक. त्या पूर्व पोलंडचा मोठा भाग आज पश्चिम युक्रेन म्हणून ओळखला जातो. म्हणजे २०२२ मध्ये आपली मुलं जी सीमा ओलांडायला रात्र-रात्र बर्फात उभी होती, त्याच भागातली लेकरं ऐंशी वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या उन्हात शाळेला जात होती. वळिवड्यात त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. आपण त्यांना फुकट पोसलं अशी फुशारकी मारू नये. खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारवर होता. जागा आणि शेजार मात्र कोल्हापूरचा. पोलिश गेल्यावर तिथेच फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आज लोक लग्नाचा बस्ता बांधायला जातात ते गांधीनगर म्हणजे हीच वस्ती. पोलंड हे विसरलेला नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे आणि वॉर्सात वळिवड्याचं स्मारक आहे.

पण १९४३ चं ते दार राजे आणि साहेब लोकांच्या मर्जीने उघडलं होतं. आपण आजही तिथेच उभे आहोत, हे मला खटकतं. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदाही नाही. १९४६ च्या जुन्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. तोही येणाऱ्याला ‘परदेशी’ म्हणूनच ओळखतो. जीव वाचवायला पळून आलेला आणि मुदत संपल्यावर लपून बसलेला, यांच्यात तो फरक करत नाही. तिबेटी, श्रीलंकेतले तमीळ आणि तीन शेजारी देशांतले ठराविक धर्मांचे लोक यांना सरकारी आदेशाने सूट आहे. त्या यादीत नाव नसेल तर जे काही मिळेल ते सरकारच्या मर्जीने.

मर्जीचं काय होतं, ते पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांना विचारा. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. दोनच दिवसांत भारताने अफगाणांसाठी तातडीचा ई-व्हिसा काढला. युरोपपेक्षाही झटपट, मान्य. पण त्याच महिन्याच्या २५ तारखेला गृह मंत्रालयाने जाहीर केलं, की भारताबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा तत्काळ रद्द. काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या होत्या, सुरक्षेचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. पण कोविडमध्ये घरी गेलेली, इथल्या विद्यापीठांत रीतसर प्रवेश असलेली मुलंही त्याच फटक्यात बाहेर राहिली. ज्या पेनाने दिलं, त्याच पेनाने आठ दिवसांत काढून घेतलं. तुमची डिग्री अर्धी झालीय आणि कॉलेजच्या देशाने तुमचा व्हिसा एका ओळीत रद्द केला, अशी कल्पना करून बघा.

‘इथे आमचंच भागत नाही, बाहेरच्यांना कुठे घेता?’ हे मी घरीही ऐकलंय. सोयाबीनचा भाव बघितला की तो राग कळतो. पण कायदा करायचा म्हणजे सगळ्यांना आत घ्यायचं असं नाही. कोणाला घ्यायचं, किती दिवसांसाठी, कोण तपासणार, नकार मिळाला तर दाद कुठे मागायची, हे संकट येण्याआधी शांत डोक्याने लिहून ठेवायचं. राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क ‘व्यक्ती’ला आहे, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याच कलमाच्या आधारे त्यांना संरक्षण दिलं होतं. पाया तयार आहे. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये लोकसभेत आश्रयाचं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

बाहेर शिकायला निघालेल्यांना एक सांगते. पोहोचल्या दिवशी तिथल्या भारतीय दूतावासात नोंदणी करा, आणि दूतावास ‘निघा’ म्हणाला तर हजेरीचा विचार करत बसू नका. १५ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हच्या दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरतं निघायला सांगितलं होतं. पण कॉलेजं वर्ग ऑनलाइन घ्यायला तयार नव्हती, म्हणून बरेच जण थांबले.

आणि जे इथेच आहेत त्यांच्यासाठी: आपल्या जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव सध्या केंद्रात मंत्री आहेत. ते गॅदरिंगला आले की आपण रस्ता मागतो, वसतिगृह मागतो. मागावंच. पण एखाद्याने उठून हेही विचारावं: साहेब, पोलंडने आमच्या मुलांना व्हिसाशिवाय घेतलं, उद्या तसं कोणी आपल्या सीमेवर आलं, तर कोणता कायदा दाखवणार?