पिन कोणाला दिला होता?

जून २०१८ मधली गोष्ट आहे. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं, म्हणून उठले. बादली लावून मोबाइल पाहिला तर बँकेचे चार एसएमएस आलेले. रात्री एक ते दीडच्या दरम्यान माझ्या बचत खात्यातून चार वेळा पैसे काढले गेले होते आणि तेही जकार्तातल्या एका एटीएममधून. मी साताऱ्यात, कार्ड कपाटात, पर्समध्ये, जिथे असतं तिथेच. एकूण एकेचाळीस हजार रुपये गेले होते. संघटनेचं मानधन आणि शिकवण्यांचे पैसे साठवून जमलेली ती रक्कम होती.

कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद केलं, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि दहा वाजता शाखेत जाऊन उभी राहिले. काउंटरपलीकडच्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, पिन कोणाला दिला होता?"

कोणालाच नाही, असं सांगितलं. मग "घरात कोण कोण असतं?" मी एकटीच राहते. "मग मिस्टर?" वीस वर्षांपूर्वी वेगळे झालो. "मग बघा, त्यांना माहीत असेल." वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे कार्डच नव्हतं, आणि ते गृहस्थ सांगलीच्या पलीकडे कधी गेल्याचं मला माहीत नाही, जकार्ता तर दूरच राहिलं. साहेब वाईट नव्हते. आवाज चढवला नाही, बसायला खुर्ची दिली, पण त्यांच्या डोक्यात शोध सुरू झाला होता तो माझ्या घरापासून.

सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला हा क्रम पाठ असेल. मार खाऊन चौकीत गेलेल्या बाईला आधी विचारतात, "तू काय बोललीस?" रस्त्यात छेड काढली म्हणून सांगायला गेलेल्या मुलीला विचारतात, "इतक्या उशिरा तिथे कशाला?" चोरी झालेली असते बाईच्या घरी आणि झडतीही तिचीच घेतात. पैशाच्या बाबतीतही हेच होईल असं मला वाटलं नव्हतं. तिथे निदान आकडे असतात, वेळ छापलेली असते, यंत्राचा क्रमांक असतो, असा माझा भाबडा समज होता.

मग त्यांनी कागदपत्रांची यादी दिली. तक्रार अर्ज, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत, आणि मी त्या दिवशी भारतातच होते हे दाखवण्यासाठी पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स. माझ्याकडे पासपोर्टच नाही. नसलेल्या पासपोर्टची झेरॉक्स कशी द्यायची, असं विचारल्यावर साहेब पेचात पडले; वरिष्ठांना फोन झाला; शेवटी माझ्याकडे पासपोर्ट नाही असं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मागितलं. मी ते करून दिलं. सोबत आदल्या दिवशीच्या बैठकीच्या हजेरीची प्रतही जोडली, कारण बैठक रात्री नऊपर्यंत चालली होती आणि त्यावर माझी सही होती. रात्री नऊला साताऱ्यात सही करणारी बाई एक वाजता जकार्तात पैसे काढू शकत नाही, एवढं तरी कोणी मान्य करील अशी आशा होती.

हे घडतं कसं, ते मला नंतर कळलं. त्या काळातल्या कार्डांवर मागे काळी चुंबकीय पट्टी असे आणि खात्याची माहिती तिच्यातच असे. चोर एटीएमच्या खाचेवर तसंच दिसणारं दुसरं तोंड बसवतात. कार्ड आत जाताना ते पट्टी वाचून घेतं. वर कुठेतरी बारीकसा कॅमेरा बटणांकडे रोखलेला असतो, त्यातून पिन मिळतो. ती माहिती कोऱ्या कार्डावर चढवली की दुसरं कार्ड तयार होतं. चिप न पाहता नुसती पट्टी वाचणारी यंत्रं जगात जिथे शिल्लक होती, तिथे ते कार्ड चाले. म्हणजे पिन चोराला मिळाला होता हे खरं, पण मी तो 'दिला' नव्हता. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्यावरच माझे एकेचाळीस हजार अडकले होते.

आणि नियम माझ्या बाजूचा होता. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढलं होतं (सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये). चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, मधल्यामध्ये तिसऱ्याने डल्ला मारला, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर एक पैशाची जबाबदारी नाही, असं त्यात होतं. संदेश मिळाला तो दिवस मोजायचा नाही. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यावर परत दाखवायची, नव्वद दिवसांत तक्रार निकालात काढायची. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. हे शेवटचं वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित करून त्या साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं असावं. दहाव्या दिवशी रक्कम जमा झाली. चोराने परदेशात पैसे काढले म्हणून माझ्या खात्यातून कापलेलं परदेशी व्यवहाराचं शुल्क मात्र चार महिने भांडल्यावर परत आलं. त्याच आठवड्यात शिल्लक कमी झाली म्हणून दंडही लावला होता, तोही तेव्हाच सुटला.

दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्यात कॉसमॉस बँकेची यंत्रणा फोडली गेली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. परदेशी खात्यात वळवलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्यात अकरा जणांना दोषी ठरवलं. त्या वेळी ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं बँकेने सांगितलं, ते योग्यच झालं. मला आठवतं ते एवढंच, की बँक फसली तेव्हा वर्तमानपत्रांत 'सायबर हल्ला' असा शब्द आला. बाई फसते तेव्हा तो तिचा निष्काळजीपणा असतो.

माझं निभावलं ते तीन गोष्टींमुळे: मोबाइल माझा होता, तो मी वाचला आणि नियम शोधून काढता आला. आमच्या गटातल्या एका मावशींकडे यातली एकही नव्हती. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांचे आठ हजार दुसऱ्या राज्यातल्या एटीएममधून गेले. बँकेने एसएमएस पाठवला होता, तो चाकणला कारखान्यात काम करणाऱ्या मुलाच्या फोनवर. खातं उघडताना त्याचाच नंबर दिला होता. आईनेच काढले असतील, असं समजून तो गप्प राहिला. मावशींना कळलं ते तीन आठवड्यांनी, पासबुक भरून घेताना. बँकेचं म्हणणं, आम्ही कळवलं होतं, सात दिवस उलटून गेले, आता आमच्या धोरणाप्रमाणे पाहू. बरेच कागद लिहिल्यावर 'सद्भावना म्हणून' चार हजार मिळाले. मावशी मला विचारत होत्या, "ताई, सद्भावना म्हणजे चूक त्यांची का माझी?"

२०१४ पासून जनधनची खाती उघडली, त्यांत निम्म्याहून अधिक बायकांची आहेत. ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे पंधराशे थेट खात्यात येऊ लागले, तेव्हा आणखी रांगा लागल्या. बाईच्या नावावर खातं, याचा आपण चळवळीतल्या बायकांनी आनंद मानला आणि मानावा असाच तो आहे. पण खात्याचा कान कोणाच्या घरात आहे, हे आपण विचारलं नाही. बँक बोलते ती मोबाइलशी. तो नवऱ्याचा असेल तर 'मिळालेला संदेश' नवऱ्याला मिळालेला असतो आणि मुदतीचे दिवस मात्र बाईचे मोजले जातात. कामाच्या चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर दहा हजारांपर्यंत आणि शून्य शिलकीच्या खात्यावर पाच हजारांपर्यंत तोटा ग्राहकाचा, असं २०१७ च्या त्या परिपत्रकाने ठरवलं होतं. पाच हजार म्हणजे पंधराशेचे तीन हप्ते आणि वर थोडं.

पिनचंही असंच आहे. २०१३ साली बंगळूरला बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका बाईने नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन पैसे काढायला पाठवलं. यंत्राने पावती दिली, पंचवीस हजार काही दिले नाहीत. बँकेने म्हटलं, पिन दुसऱ्याला दिलात, विषय संपला. २०१८ मध्ये ग्राहक न्यायालयानेही बँकेचीच बाजू उचलून धरली. ओली बाळंतीण एटीएमच्या रांगेत उभी राहत नाही, हे ज्या नियमात बसत नाही, तो नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला असेल?

तरीही पिन सांगू नये, हा नियम मला सोडायचा नाही. एक तर आताची चोरी बहुतेक फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेऊनच होते, आणि तो आपण सांगितला की कळवेपर्यंतचा सारा तोटा आपला, असं २०१७ च्या परिपत्रकात होतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. नवऱ्याला "नाही" म्हणण्यासाठी बाईला सरकारमान्य कारण देणारा दुसरा कोणता नियम आहे? "बँकेची सक्त ताकीद आहे, सांगता येत नाही." बायकोची कमाई, तिचं कार्ड काढून घेणं हा आर्थिक छळ आहे, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहेच, पण कायदा अंगणात यायला वेळ लागतो, बँकेचं नाव लगेच चालतं. आमच्या दोघी-तिघींनी ते चालवलंही आहे.

कार्डं सुधारली आहेत. पट्टीऐवजी चिप आली, आणि ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड परदेशातला वापर बंद ठेवूनच मिळतं, आपण सुरू केला तरच चालतो. पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करता येतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. अर्ज देताना पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं.

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या तेवीस जणी पासबुकं घेऊन एकदम शाखेत गेल्या. खात्याला कोणाचा नंबर आहे, एवढंच विचारायचं होतं. अकरा जणींचा नवऱ्याचा निघाला, चौघींचा मुलाचा, एकीचा तर खातं उघडून देणाऱ्या एजंटाचा. बदलायला दोन दिवस लागले, कारण फॉर्मच संपले होते. एका नवऱ्याने संध्याकाळी कार्यालयात येऊन जाब विचारला, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मावशीही होत्या. त्यांच्याकडे आता बटणांचा छोटा फोन आहे. परवा बैठकीत तो वाजला, त्यांनी चष्म्यातून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, वाचा बरं." पाचशे रुपये काढल्याचा एसएमएस होता. मी तारीख, वेळ, यंत्राचं ठिकाण सगळं वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, ते मीच काढले."