गाडी आली, चालवणारे कुठे?

आमच्या कचेरीच्या कँटीनमध्ये चहा देणारा एक तरुण नेपाळच्या धनुषा जिल्ह्यातला आहे. गावी निघाला की कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर पवन एक्सप्रेस पकडतो आणि बिहारमधल्या जयनगरला उतरतो. पुढे सीमा ओलांडून जनकपूर. मागे म्हणाला, "साहेब, दीड दिवस गाडीत बसण्याचं काही वाटत नाही; शेवटचा टप्पाच जीव काढायचा." आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा पुढची रेल्वे बंद होती. भर पावसात मिळेल त्या वाहनाने गेला. पोचला तेव्हा सारे आटोपले होते.

ही जयनगर-जनकपूर रेल्वे 1937 सालची, अरुंद रुळांची. राणांच्या राजवटीत ती मुख्यतः जंगलातले लाकूड वाहून नेण्यासाठी घातली. गोरगरिबांच्या प्रवासाचा आधार ती नंतर झाली. 2014 मध्ये रुंदीकरणासाठी बंद पडली. भारताच्या मदतीने रुंद रूळ पडले. सप्टेंबर 2020 मध्ये आपल्या कोकण रेल्वेने नेपाळला दोन डिझेल गाड्या पोचवल्या. रूळ तयार, गाड्या तयार. आणि त्या गाड्या दीड वर्ष नुसत्या उभ्या राहिल्या! रेल्वे चालवण्याचा कायदा वेळेवर झाला नव्हता, कर्मचारी पुरेसे नव्हते. अखेर 2 एप्रिल 2022 रोजी जयनगर ते कुर्था ही सुमारे 35 किलोमीटरची सेवा सुरू झाली. 2023 मध्ये ती बिजलपुऱ्यापर्यंत गेली.

आम्ही कॉमर्सवाले. जमाखर्च मांडताना इमारतीचा खर्च एकदाच येतो, चालवण्याचा दर महिन्याला, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. योजना आखणारे नेमके दुसरे पान कोरे ठेवतात. कोनशिलेवर नाव येते. तिकीटबाबू, पॉइंट्समन, सफाई कामगार यांच्या पगाराच्या तरतुदीवर कुणाचे नाव येत नाही.

सीमेवरच्या स्थानकात तर कामे दुप्पट. भारत-नेपाळच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र दाखवावे लागते, सामानाची तपासणी होते. तिथे रांगेत लेकुरवाळी बाई उभी असते, म्हातारा असतो. त्यांना सावली, पाणी, संडास, बसायला बाक हवा की नको? एक गाडी उशिरा आली तर दुसरी थांबणार का? स्थानकाचा नकाशा काढताना हे प्रश्न आधी विचारायचे असतात.

वाचकहो, हे नेपाळपुरते नाही. तुमच्या शहरातही एस.टी. स्टँड, रेल्वे, मेट्रो एकत्र आणण्याच्या गोष्टी निघतील. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत ठरलेली असते. मंडळात बसून तो नकाशा पाहा. डोक्यावर बोजा घेऊन या गाडीतून त्या गाडीत जायला किती पायऱ्या चढाव्या लागतील ते मोजा. अर्ज लिहा, पोच घ्या, सुनावणीला जा.

कँटीनमधला तो तरुण आता जयनगरला गाडी बदलून गावी जातो. आईला मात्र ती गाडी दिसली नाही.