खांद्याचा शल्यविशारद कोठे शोधावा?

सोनईत साखर कारखाना आहे, महाविद्यालय आहे, दवाखानेही आहेत. परंतु खांद्याचा सांधा पार झिजून गेलेल्या एखाद्या वृद्धाने ‘सांधा बदलणारा चांगला डॉक्टर जवळपास कोण?’ असे विचारले, तर त्याला उत्तर मिळते ते औषधाच्या दुकानात, एस. टी.त शेजारी बसलेल्या प्रवाशाकडून, नाही तर रुग्ण पोहोचवून त्यावर दलाली खाणाऱ्याकडून. ज्या शस्त्रक्रियेपायी गोठ्यातील गाय विकावी लागते, तिची माहिती अशा कुजबुजीतून गोळा करावी लागते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

खांदा दुखतो म्हणून सांधा बदलावा लागतो असे नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. मधुमेही माणसाचा खांदा आखडतो, ओझी वाहून कंडरा फाटतात. ही दुखणी पुष्कळदा व्यायामाने व औषधाने आटोक्यात येतात. सांधा बदलण्याची वेळ येते ती कूर्चा नष्ट झाल्यावर, पडल्यामुळे दंडाच्या हाडाच्या माथ्याचे तुकडे झाल्यावर किंवा कंडरा कायमच्या निकामी झाल्यावर. शेवटच्या प्रकारात ‘उलटा’ सांधा बसवितात, म्हणजे गोळा फऱ्याच्या बाजूला आणि वाटी दंडाच्या हाडावर. फ्रान्समधील पॉल ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास ही रचना रूढ केली. कोणता सांधा कोणाला बसवावा, हा निर्णयच मुळी अनुभवाचा आहे.

या शस्त्रक्रियेचा आरंभ धनिकांसाठी झाला नव्हता, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. १८९३ साली पॅरिसमध्ये झ्यूल पेआं यांनी पहिला कृत्रिम खांदा बसविला तो क्षयाने सांधा कुजलेल्या एका पाव भाजणाऱ्या कामगाराला. प्लॅटिनम आणि रबर यांचा तो सांधा एका दंतवैद्याने घडविला होता. जंतुसंसर्गामुळे दोनेक वर्षांत तो काढावा लागला, ही गोष्ट वेगळी.

आता ‘स्थानिक’ या शब्दाविषयी. आमच्या कार्यकर्त्यांची स्वाभाविक मागणी अशी की, ही सोय तालुक्यातच व्हावी. आम्हांला ती मान्य नाही. गुडघ्याच्या मानाने खांद्याची सांधेरोपणे फार थोडी होतात, आणि जो शल्यविशारद ती वारंवार करतो त्याच्या हातून गुंतागुंत कमी होते, असे परदेशांतील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. वर्षाकाठी एखादाच खांदा उघडणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर असला, तरी त्याचा उपयोग काय? नगर, लोणी, छत्रपती संभाजीनगर वा पुणे, जेथे हा हात बसलेला असेल तेथे जावे. पण तो कोठे बसला आहे हे रुग्णाने ओळखावे कसे? इंग्लंडमध्ये २००३ पासून सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २०१२ पासून तीत खांद्याचीही नोंद होते. आपल्याकडे शुश्रूषागृहांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी, असा नियम राज्य शासनाने जानेवारी २०२१ मध्ये केला. त्याच फलकावर कोणती शस्त्रक्रिया वर्षात किती वेळा केली, हा एक आकडा लिहावयास लावणे अवघड का असावे?

तोवर कार्यकर्त्याने रुग्णाबरोबर जावे आणि रोखठोक विचारावे : गेल्या वर्षी आपण खांद्याचे किती सांधे बसविले? साधा की उलटा, आणि का? न बदलता भागेल का? सांध्याची किंमत वेगळी की एकूण खर्चात? शेवटचा प्रश्न विसरू नये. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्या आदेशात खांदा नव्हता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नेमकी हीच शस्त्रक्रिया बसते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, हेही तेथे बजावून सांगावे. न विचारणाऱ्याला ते सहसा कोणी सांगत नाही.

गावाजवळ जे हवे, ते शस्त्रक्रियेनंतरचे. काही आठवडे हात झोळीत आणि मग कित्येक महिने व्यायाम. तो नीट झाला नाही, तर उत्तम बसविलेला सांधाही आखडतो. त्यासाठी सोनईच्या म्हाताऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा पुणे गाठावे काय? सोबतीच्या माणसाची मजुरी बुडवून? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कायम भौतिकोपचारतज्ज्ञ नेमावा, ही मागणी शस्त्रक्रियागृहाच्या मागणीहून कितीतरी स्वस्त आणि कितीतरी निकडीची आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगतात व रुग्ण घाईत ऐकतो. कृत्रिम खांद्यावर पुन्हा जड ओझे घेता येत नाही. निवृत्त शिक्षकाला त्याने फारसे बिघडत नाही. घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या हमालाचे, उसाची मोळी ट्रकवर चढविणाऱ्या तोडणी कामगाराचे मात्र त्या दिवशी काम सुटते. राज्यात माथाडी कायदा १९६९ सालचा आहे. हमालांनी लढून शंभर किलोचे पोते पन्नासवर आणले. पण ज्याचा खांदा त्याआधीच गेला, त्याला शस्त्रक्रियेनंतर बाजार समितीने वा कारखान्याने काट्यावरचे, पहाऱ्याचे, नोंदीचे हलके काम द्यावे, ही मागणी आमच्या कोणत्याही निवेदनात आजवर आली नाही. येत्या गळीत हंगामापूर्वी ती लेखी गेली पाहिजे.